जोतीराम काकांचा नुसता लाईट

कॅमेऱ्याच्या बुडाला स्क्रूने बसवायची एक काळी डबी मिळते. तिला बॅटरी ग्रिप म्हणतात. तिच्यात एकाऐवजी दोन बॅटऱ्या मावतात आणि कॅमेरा उभा धरला तरी बोटाखाली येईल असं एक जादा बटण असतं. एवढाच तिचा महिमा. ही डबी घ्यावी की घेऊ नये, यावर आमच्या जोतीराम काकांनी अकरा महिने विचार केला. स्वतःच्या लग्नाला त्यांनी चहाचा कप खाली ठेवायच्या आत होकार दिला होता, असं मायाक्का काकू सांगतात. ते सांगताना काकूंचा चेहरा असा असतो, की अकरा महिने विचार केलेलाच बरा, असं ऐकणाऱ्याला वाटावं.

मी शगुफ्ता. सोलापुरात नवी पेठेच्या एका गल्लीत, साड्यांच्या दोन दुकानांमधल्या जिन्यानं वर गेलं की काकांचा स्टुडिओ लागतो. तिथे नऊ वर्षं मी कॉम्प्युटरवर लग्नाचे अल्बम जुळवते. नवरीच्या गालावरचे मुरूम पुसायचे, नवऱ्याचं पोट आत ढकलायचं, व्याह्यांचे मिटलेले डोळे दुसऱ्या फोटोतून उचलून आणून बसवायचे, हे माझं काम. कॅमेरा खोटं बोलत नाही म्हणतात. बरोबरच आहे, त्यासाठी मला पगार देऊन ठेवलंय.

काका मूळचे करमाळ्याकडचे. वय चौपन्न, केस मात्र पंचविशीतले, दर पंधरा दिवसांनी नव्यानं पंचविशीतले. अंगात बारा खिशांचं जॅकेट, तेही सोलापूरच्या मे महिन्यात. खिशांत काय असतं हे मी एकदा विचारलं होतं. अकरा खिसे रिकामे होते आणि बाराव्यात बडीशेप होती. पण जॅकेट काढायचं नाही, कारण जॅकेटाशिवाय फोटोग्राफर ओळखायचा कसा?

सगळं दुखणं इथंच होतं. काकांचा जुना कॅमेरा चांगला थोरला होता. गळ्यात अडकवला की मान वाकायची आणि समोरच्याचीही वाकायची. तो एका हळदीच्या कार्यक्रमात पाण्याच्या पिंपात पडला आणि बाद झाला. पुण्याचा पुतण्या पृथ्वीराज, त्यानं काकांना स्वतःचा वापरलेला, पण नव्या तऱ्हेचा कॅमेरा दिला. फोटो असे यायचे की नवरीच्या नथीतले मोती मोजून घ्यावेत. कॅमेऱ्याला दोष एकच, तो लहान होता. तळहातावर मावायचा.

नवा कॅमेरा घेऊन काका पहिल्यांदा लग्नाला गेले, तेव्हा मंगल कार्यालयात नवरीचे मामा त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले. जॅकेट बघितलं, कॅमेरा बघितला, इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, "फोटोग्राफर कवा येनार हायती?"

"मीच की," काका म्हणाले.

"न्हाय, ते तुमचे मोटे. ते कवा येनार?"

काकांनी हे मला त्या दिवशी सांगितलं नाही. चार दिवसांनी सांगितलं, तेही पाठमोरं उभं राहून, खिडकीतून खाली रिक्षांकडे बघत. तीस वर्षं लग्नांचे फोटो काढलेल्या माणसाला फोटोग्राफर कधी येणार म्हणून विचारलं गेलं होतं. मी विनोद करणार होते, पण केला नाही. अशी संधी मी सहसा सोडत नाही.

तेव्हापासून काकांना डबी हवी होती. ती लावली की कॅमेरा जवळजवळ दुप्पट दिसतो. स्टेजवर चढलं की चार माणसांनी बाजूला सरावं, फोटोग्राफर आला म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा. पण चौपन्न वर्षांचा माणूस हे उघड कसं सांगणार? म्हणून कारण ठरलं बॅटरीचं. "ह्या नव्या कॅमेऱ्याला बॅटरी लई लागती गं. ऐन अक्षतांच्या टायमाला दगा दिला तर?" दगा द्यायला काही हरकत नव्हती. काकांकडे दोनच बॅटऱ्या होत्या आणि त्यातली एक फुगून कॅमेऱ्यात जाताना कुरकुर करायची.

मग सल्लामसलत सुरू झाली. पृथ्वीराज फोनवर म्हणाला, "काका, त्यापेक्षा दोन नव्या बॅटऱ्या घ्या, खिशात ठेवा. तुम्हाला खिसे तर ढीगभर आहेत." हा सल्ला इतका सरळ होता की काकांनी पंधरा दिवस त्याला फोनच केला नाही. मायाक्का काकूंचं म्हणणं, त्या पैशात घराला जाळीचं दार होईल, डासांना काही कॅमेरा लहान आहे की मोठा ते कळत नाही. खाली कोपऱ्यावर कॅमेऱ्याच्या सामानाचं दुकान चालवणारा सरफराज तर काकांना लांबून बघूनच डबी कपाटातून काढून काउंटरवर ठेवायचा. काका ती उचलायचे, वजन बघायचे, "कंपनीची हाय का डुप्लिकेट?" विचारायचे आणि परत ठेवायचे. सहा महिन्यांनी सरफराज म्हणाला, "काका, लेना है तो लेव, नैं तो मैं इसपे तुमारा नाम लिखके रखता. रोज मिलनेकू आते जाव."

आता बॅटरीचा विषय निघालाच आहे, तर धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. काकांनी ऐकलं तर मला जिन्यावरून खाली ढकलतील, पण नऊ वर्षांत त्यांनी मला साधं रागावूनही दाखवलेलं नाही, म्हणून सांगते.

काका ज्यांच्या हाताखाली शिकले, ते फकीर उस्ताद. तो जमाना रिळाचा. एका रिळात छत्तीस फोटो, आणि लग्नात आहेर घेऊन स्टेजवर चढणारी माणसं आठशे. प्रत्येकाला वाटणार आपला फोटो निघावा. न काढला तर रुसणार, काढला तर यजमान मरणार. उस्तादांनी यावर तोड काढली होती. महत्त्वाचा पाहुणा असला की खरा फोटो, नाहीतर नुसता लाईट. म्हणजे फ्लॅशच्या पाठीवरचं बारकं बटण दाबायचं. लख्ख उजेड पडतो, पाहुणा डोळे मिचकावतो, खूश होऊन जेवायला जातो. कॅमेऱ्यात काहीच होत नाही. यजमानाचा भाऊ फोटोग्राफरच्या शेजारी उभा राहायचा. त्यानं टोपी सारखी केली की खरा, नाही केली की नुसता लाईट.

रीळ गेलं, मेमरी कार्ड आलं. एका कार्डात आता अख्खं सोलापूर मावेल. पण काकांचा नुसता लाईट गेला नाही. आता म्हणे बॅटरी वाचवायला. दुपारी बाराच्या पुढे स्टेजखाली रांग लागली की काका हळूच कॅमेरा बंद करायचे आणि नुसता उजेड पाडत राहायचे. टोपी सारखी करणाराही आता लागत नव्हता. कोण खरा आणि कोण नुसता, ते काका स्वतःच ठरवायचे. चप्पल बघून, साडी बघून, आहेराच्या पाकिटाची जाडी बघून. फ्लॅशला तर वेगळे सेल लागतात, मग वाचतं काय, असं मी एकदा विचारलं. काका म्हणाले, "तुला धंद्यातलं कळत न्हाय."

आणि यातली खरी कमाल पुढेच आहे. नुसता लाईट मारायचा असला की काका त्या माणसावर जास्त मेहनत घ्यायचे. आमदारासारख्या माणसाचा फोटो एका खटक्यात उरकायचे. पण ज्याचा फोटो निघणारच नाही त्याला, "दादा, हनुवटी जरा खाली. आता डावा खांदा पुढं. वहिनी, पदर सारखा करा. हां, हसा की, घरचं लगीन हाय." संशय येऊ नये म्हणून. त्यामुळे सोलापूर जिल्ह्यात ज्यांना जोतीराम काकांनी सर्वांत सुंदर उभं केलं, त्यांतल्या कुणाचाही फोटो अस्तित्वात नाही. आणि इतक्या वर्षांत कुणी विचारायलाही आलं नव्हतं, कारण अल्बम यजमानाच्या कपाटात जातो, पाहुण्याच्या नाही. मीही हसायचे. तेवढेच फोटो कमी, तेवढे मुरूम कमी.

दहाव्या महिन्याच्या शेवटी सरफराज कंटाळला आणि म्हणाला, दोन आठवडे फुकट वापरा, मग ठरवा. काका डबी घेऊन जिना चढले ते नवरदेवासारखे. कॅमेऱ्याला लावली. खरंच, कॅमेरा थोरला दिसत होता. त्यांनी तो दाराकडे तोंड करून काउंटरवर मांडला, म्हणजे येणाऱ्याला आधी तोच दिसावा. तशी एक पासपोर्ट फोटोची बाई आली आणि "अगबाई, केवढा कॅमेरा!" म्हणाली. तिचे काकांनी आठाऐवजी दहा फोटो दिले. फुगलेली बॅटरी मात्र डबीत शिरायलाच तयार नव्हती, त्यामुळे डबीत एकच बॅटरी होती. दुसरी जागा रिकामी. पण रिकामी जागा बाहेरून दिसत नाही.

दुसऱ्याच आठवड्यात चंद्रव्वा आली.

अक्कलकोटच्या पलीकडच्या एका गावातली म्हातारी. सत्तरीची, इरकली लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. जिना चढून तिला धाप लागली होती. तिनं पिशवी त्या थोरल्या कॅमेऱ्याला टेकवूनच ठेवली. कॅमेऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती काकांच्या तोंडाकडे बघत होती.

"तम्मा, तूच की त्यो. लग्नात फोटू काडनारा." तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ.

मला पहिल्यांदा वाटलं, हे बरं झालं, शेवटी कुणीतरी काकांना बघताक्षणी ओळखलं. काकांनाही तसंच वाटलं असावं. त्यांनी स्वतः उठून तिला खुर्ची दिली, मला चहा सांगायला लावला.

मग चंद्रव्वानं सांगितलं. ती आणि तिची सख्खी धाकटी बहीण काशम्मा एकाच घरात दोन भावांना दिलेल्या. भिंतीला भिंत लागून घरं. न्हाणीचं पाणी कुणाच्या अंगणातून जायचं, यावरून दोघींचं बिनसलं. ते सोळा वर्षं बिनसलेलंच राहिलं. दोघींचे नवरे वारले, पोरं नोकरीला गेली, भिंतीच्या अलीकडे एक म्हातारी आणि पलीकडे एक म्हातारी, आणि बोलणं नाही. तीन महिन्यांपूर्वी नात्यातल्या लग्नाला दोघी सोलापूरला आल्या, त्याही एकाच जीपमधून. एक पुढं बसली, एक मागं.

"स्टेजवर गर्दी झाली बग. पोरांनी ढकललं, तर ही माज्या शेजारी येऊन हुबी. मी तोंड तिकडं केलं. तिनं बी केलं. तर तू काय म्हनालास?"

काकांना काही आठवत नव्हतं. मला दिसत होतं.

"म्हनालास, 'मावशी, बहिनी बहिनी दिसतायसा की. मग अश्या सवतीवानी का हुब्या? सरा जवळ. हात धरा एकमेकींचा.' मी धरला न्हाय. तर तू पुना म्हनालास, 'धरा की, फोटूत बरं दिसतंय.' फोटूसाटी म्हनून धरला मी. मग तुजा लाईट पडला. खाली उतरलो, पर हात सुटंना, यव्वा." हे शेवटचं तिनं माझ्याकडे वळून सांगितलं. "सोळा वर्सानी एका पंगतीला बसून जेवलो. दुसऱ्या दिवशी तिनं भिंतीवरून पिटलं दिलं. आता न्हानीचं पानी दोगींचं बी रस्त्यावर सोडलंय. गावाला वास येतोय, येऊ द्या."

ती हसली. मीही हसले. काका हसले नाहीत.

"त्यो फोटू पायजे. दोन पायजे. एक माज्या घरात, एक तिच्या. पोरांच्या मोबाईलात बगितलं, त्या टायमाला मोबाईलवाली सगळी जेवाय पळाल्ती. कुनाकडं न्हाय. तुज्याकडं हाय."

काका म्हणाले, "बघतो मावशी. लई फोटो असत्यात, शोधावं लागतं. आठ दिवसांनी या."

ती गेल्यावर काका मला म्हणाले, "बघ बरं, सापडतोय का." मला म्हणाले! मी त्या लग्नाचं मेमरी कार्ड उघडलं. बारा वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी एका कारखान्याच्या संचालकांचा फोटो. त्याच्या पुढचा फोटो एक वाजून सव्वीस मिनिटांनी, जावयाच्या बुटांचा. मधल्या अडतीस मिनिटांत स्टेजवर कुणी चढलंच नव्हतं, असं कार्डाचं म्हणणं. व्हिडिओवाला त्या वेळी खाली गुलाबजाम टिपत होता. तेही मी बघितलं. गुलाबजाम चांगले आले होते.

तिसऱ्या दिवशी काका माझ्यामागे येऊन उभे राहिले. "शगुफ्ता, तू तर काय बी जुळवतीस. दोघींचं तोंड कुठं ना कुठं आलं असंल. शेजारी शेजारी बसव की."

मी खरंच बसले शोधायला. यात माझाही मोठेपणा नाही, नऊ वर्षांची सवय. पंगतीच्या एका फोटोत कडेला चंद्रव्वाचा अर्धा चेहरा होता, तोंडात घास. काशम्मा कोण ते मला माहीत नव्हतं, पण तिच्या शेजारी एक पाठमोरी इरकल होती. नाक, डोळे कुठून तरी आणता आले असते.

"काका, हात कुणाचे लावू?" मी विचारलं.

काका खिडकीशी गेले, परत आले, पुन्हा गेले. मला त्यांचा राग आला होता. माझाही आला होता. इतकी वर्षं मी ज्याला काकांची गंमत म्हणत होते, ती गंमत जिना चढून, धापा टाकत, शेंगा घेऊन वर आली होती. मी स्पष्टच सांगितलं, "ती पुन्हा येईल तेव्हा मी खोटं बोलणार नाही. तुम्ही बोलणार असाल तर मी त्या दिवशी सुट्टी घेते."

ती आठव्या दिवशी सकाळी दहाला आली. मी सुट्टी घेतली नव्हती.

काकांनी तिला खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहिले. "मावशी, फोटो न्हाय."

"सापडंना व्हय? शोध सावकाश, मी बसते की."

"सापडायचा न्हाय. काढलाच न्हाय मी."

"उजेड पडला की तम्मा. माज्या डोळ्याला पानी आलं."

"नुसता लाईट मारला, मावशी. कॅमेरा बंद होता."

तिला समजायला वेळ लागला. काकांनी सगळं सांगितलं, रिळापासून, उस्तादांपासून, बॅटरीपर्यंत. बॅटरीपाशी आल्यावर ते स्वतःच अडखळले. माणसाचा फोटो न काढायला बॅटरी हे कारण त्यांनी पहिल्यांदाच मोठ्यानं म्हटलं होतं, आणि ते त्यांना स्वतःलाच ऐकवत नव्हतं.

चंद्रव्वा रागावेल असं मला वाटलं. ती रागावली नाही. तिला खरोखरच एक गोष्ट कळत नव्हती, म्हणून तिनं विचारलं, "मग हात कशाला धराय लावलास?"

खाली रिक्षावाले भांडत होते, त्यांचं सगळं नीट ऐकू येत होतं.

"होगली बिडु," ती शेवटी म्हणाली, म्हणजे जाऊ दे, सोड. "पर काशम्मा वाट बगायलीय. खिळा मारून ठिवलाय तिनं भिंतीला. मी काय सांगू तिला?"

"मी येतो," काका म्हणाले. "सोमवारी येतो गावाला. दोघींचा काढतो."

अकरा महिने डबीवर विचार करणाऱ्या माणसानं हे एका श्वासात ठरवलं. मला वाटलं, चला, माणूस सुधारला. पण पश्चात्ताप झालेल्या माणसाला भलत्याच ठिकाणी सुधारायची घाई असते. चंद्रव्वा जिना उतरते न उतरते तोच काकांनी कॅमेऱ्याची डबी काढली, फडक्यात गुंडाळली आणि सरफराजला नेऊन दिली. "नको मला. लई झाला मोठेपणा." सरफराजनं डबी बघितली, काकांना बघितलं आणि कपाटात ठेवली. मी म्हटलं, "काका, पाप डबीचं नव्हतं." काकांना ऐकायचं नव्हतं.

सोमवारी मी आणि काका एसटीनं गेलो. लहानसा कॅमेरा, दोन बॅटऱ्या, त्यातली एक फुगलेली. जॅकेट घरी ठेवलं होतं. जॅकेटाशिवाय काका एवढे बारीक आहेत हे मला माहीत नव्हतं.

दोन घरं, मधे भिंत, आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंनी निघून रस्त्यावर एकत्र झालेलं न्हाणीचं पाणी, वासासकट. काशम्मा नेसून तयार होती. चंद्रव्वानं तिला काय सांगितलं होतं कोण जाणे, ती काकांना बघून म्हणाली, "मशिन बिगडलं म्हनं तुमचं. असूं द्या, मशिनच त्ये." काकांनी चंद्रव्वाकडे बघितलं. चंद्रव्वा पदराचं टोक नीट करत राहिली.

ओसरीत दोघींना बसवलं. या खेपेला काकांनी कुणाला हनुवटी खाली, खांदा पुढं केलं नाही. फोटो काढला, लगेच मागचा पडदा फिरवून दोघींना दाखवला. मग आणखी काढला. मग आणखी. दहा काढले, बारा काढले. सवय मोडायची म्हणजे अशीच आडमाप मोडते.

एव्हाना गल्ली गोळा झाली होती. शहरातून फोटोवाला आलाय म्हटल्यावर मोबाईल असलेलीसुद्धा आली. कुणाची सून, कुणाचं बाळ, कुणाचा बैल. काकांनी एकालाही नाही म्हटलं नाही. नावं विचारून काढत होते, प्रत्येकाला पडदा दाखवत होते. पहिली बॅटरी संपली. फुगलेली कुरकुरत आत गेली आणि वीस मिनिटांत तीही गेली. गावात वीज दुपारी चारनंतर येणार होती आणि आमची परतीची एसटी त्याच्या आधी होती.

त्याच वेळी रावजी नावाचे एक म्हातारे खुर्चीवर बसलेले होते. बराच वेळ रांगेत थांबले होते. फेटा नव्यानं बांधला होता, धुतलेली बंडी घातली होती, आणि हनुवटी त्यांनी आपली आपणच वर केली होती. कॅमेरा मेला होता. त्यावरच्या फ्लॅशचा बारका लाल दिवा मात्र तयार होता.

काकांचा अंगठा फ्लॅशच्या पाठीकडे गेला. तो मुद्दाम गेला नाही, आपोआप गेला, ते मला दिसलं. लख्ख उजेड पडला असता, रावजी खूश झाले असते, एसटी मिळाली असती. गल्लीत एकालाही कळलं नसतं. मला कळलं असतं आणि तिकडं ओसरीत बसलेल्या चंद्रव्वाला कळलं असतं. ती काकांच्या अंगठ्याकडेच बघत होती.

काकांनी कॅमेरा खाली घेतला. "आजोबा, बॅटरी संपली. तुमचा फोटो न्हाय निघायचा आज."

तीस वर्षांत त्यांनी कुठल्याही माणसाला हे वाक्य म्हटलं नव्हतं. रावजींनी ते शांतपणे घेतलं असं मुळीच नाही. "मग आदी सांगायला काय झाल्तं? फेटा बांदाय अर्दा तास गेला माजा!" गल्ली हसली. एक पोरगी म्हणाली, कॅमेराच बारका हाय, त्याच्यात येवडी माणसं मावतील कशी? काकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"उद्या येतो," काका म्हणाले. "तुमच्यासाठी येतो, आजोबा."

"शेरातला मानूस हितं परत येतोय व्हय," रावजी फेटा सोडायला लागले.

"नगं सोडूस फेटा," चंद्रव्वा ओसरीतून म्हणाली. "येतो म्हनलाय तर येईल त्यो. फोटोग्राफर हाय आमचा."

काकांनी मान खाली घातली आणि कॅमेऱ्याचा पट्टा उगाचच गुंडाळत बसले. मी दुसरीकडे बघितलं, कारण माझ्याही डोळ्यांचं काही खरं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सरफराज दुकान उघडायला आला, तेव्हा काका शटरपाशी उभेच होते. त्यांनी डबी घेतली, तीन नव्या बॅटऱ्या घेतल्या, कंपनीची की डुप्लिकेट तेही विचारलं नाही. दोन बॅटऱ्या डबीत भरल्या, एक खिशात टाकली आणि साडेनऊच्या एसटीला पळाले.